दादाचं जुनं कार्ड

३ मार्च, सोमवार

परत अडकलं! दोनशे घरांची वसाहत, त्यात झाडं, हिरवळ, गाड्या, पोहायचा तलाव — सगळं बसवलं, चित्र तयार करायला लावलं आणि कॉम्प्युटरने हात वर केले. मेमरी संपली. माझ्या ग्राफिक्स कार्डाला एवढं पेलतच नाही. साहेबांना फोन केला. म्हणाले, "झाडं कमी करा." बिल्डर म्हणतो, झाडं वाढवा. मी कुणाचं डोकं फोडू?

न बांधलेल्या घरांची खरी वाटणारी चित्रं करायची, हे माझं काम. सोळा वर्षं ऑफिसात बसून केलं. मग घरी बसवलं, आणि आता तेच काम तुकड्यातुकड्याने देतात. कॉम्प्युटर माझा, वीज माझी, पाठदुखीही माझीच. एकोणतीस तारखेपर्यंत वसाहत झाली नाही तर काम दुसऱ्या बाईला. साहेबांनी तिचं नाव मुद्दाम दोनदा घेतलं.

४ मार्च

दुकानात गेले. नवीन कार्ड, मधल्या दर्जाचं. चकचकीत खोकं, तीन वर्षांची वॉरंटी, मेमरी बारा जीबी. माझी वसाहत बारात मावत नाही. चोवीसवालं नवं घ्यायचं तर हातातल्या बांगड्या काढून द्याव्या लागतील.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, जुनं भारीतलं बघा ना. एके काळचं सगळ्यात वरचं. मेमरी चोवीस." आणि लगेच, "पण वॉरंटी नाही, वीज खूप खातं, आधीच्याने कसं राबवलंय देव जाणे." म्हणजे घ्याही आणि घेऊ नकाही. असला सल्ला मलाही देता येतो.

५ मार्च

कुटुंबाच्या ग्रुपवर दादाचा मेसेज — "जुनं ग्राफिक्स कार्ड काढतोय. चोवीस जीबी. कुणाला हवंय का?"

कुणाला! आत्याने विचारलं, कुणाचं लग्न आहे?

माझ्या नवऱ्याने वहिनीकडे बडबड केलेली दिसते. दोन वर्षं झाली, दादाशी बोलत नाही मी. आईच्या आजारपणात तो पाहुण्यासारखा यायचा. तासभर टेकायचा, घड्याळ बघायचा, जायचा. मी तोंडावर बोलून दाखवलं. तेव्हापासून बंद.

७ मार्च

त्याची सायकल मला. त्याची पुस्तकं मला, प्रत्येक राजाला मिशा काढलेली. त्याचा कोपरात विरलेला स्वेटर मला. आता शेहेचाळिसाव्या वर्षी त्याचं कार्ड!

पण मेमरी चोवीस आहे.

८ मार्च, शनिवार

गेले शेवटी. वहिनीने चहा दिला. दादाचे केस पार पांढरे झालेत, हे कुणी सांगितलं नव्हतं. कार्ड टॉवेलात गुंडाळून ठेवलं होतं. पाटीएवढं लांब, चांगलंच जड. म्हणाला, "घेऊन जा, ठमे." मी म्हटलं, पैसे घेशील तरच. मग घेतले! सख्ख्या बहिणीकडून! मीच पुढे केले, माहीत आहे मला. तरी.

दारात म्हणाला, "तुझा पावर सप्लाय लहान आहे, याला पुरणार नाही. बदलायला मी येतो."

मला हात आहेत, म्हटलं.

१० मार्च

चाललं! वसाहत मावली. झाडांसकट! पहिलं चित्र चाळीस मिनिटांत. इतकी वर्षं उगाच दळत बसले म्हणायची. जुनं असेल, पण जातिवंत आहे.

दादाला कळवलं — "चाललं." त्याचं उत्तर — "पंखा जोरात ओरडतो, घाबरू नको. तुझ्यासारखाच आहे, मनाने वाईट नाही." हसू आलं. मग हसल्याचा राग आला.

१३ मार्च

काम चालू असताना कॉम्प्युटर फटकन बंद. आज तीनदा. दादा म्हणतो, जुन्या सप्लायची वीज कार्डाला पुरत नाही. "येऊ का?" नको. नवा सप्लाय मागवलाय.

मला वेगळाच संशय येतोय. चांगलं असतं तर त्याने काढलं असतं का?

१५ मार्च, शनिवार

सकाळी सप्लाय बदलला. एकटीने. बटण दाबलं — फट्! ठिणगी, धूर, जळका वास खोलीभर. कार्ड मेलं.

कॅबिनेट उघडं होतं, तसाच आतला फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. लिहिलं — पैसे घेऊन बहिणीच्या गळ्यात कचरा बांधणारा भाऊ, बघून घ्या सगळ्यांनी. आणखीही लिहिलं. आई गेली तेव्हा सुटलास एकदाचा, असं.

दादा गप्प. आत्याने हात जोडलेलं चित्र टाकलं. ग्रुपमधून बाहेर पडले.

१६ मार्च

पैसे परत आले. पूर्ण. सोबत एक शब्द नाही. म्हणजे कबूलच की! नवरा म्हणाला, "एवढं नको होतं लिहायला." त्याला म्हटलं, तूही जा तिकडेच.

१९ मार्च

वेळेत होणार नाही म्हणून कळवावं लागलं, आणि काम गेलं. त्या दुसऱ्या बाईकडे. साहेब म्हणाले, "पुढे बघू." पुढे काय बघणार आहेत? दादामुळे. सगळं दादामुळे.

२४ मार्च

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने झाकण काढलं आणि वायरींची टोकं चाचपली.

"वायरी जुन्या सप्लायच्याच ठेवल्यात?"

हो. मागे छान बांधलेल्या होत्या. नव्यात टोकं बरोबर बसली.

"टोकं बसतात हो. आतली जोडणी प्रत्येक कंपनीची वेगळी. उलटी वीज गेली कार्डात. नवं कोरं असतं तरी जळलं असतं. कार्ड उत्तम होतं, मॅडम. कुणीतरी फार जपलेलं."

मी त्याला पैसे देऊन सुट्टे न घेताच निघाले.

२५ मार्च

फोन हातात घेतला. ठेवला. चारदा.

२७ मार्च

दादाला फोन लावला, वहिनीने उचलला. एका दमात सगळं सांगितलं. माझीच चूक, वायरींची. ती म्हणाली, "यांना माहीत आहे. तू फोटो टाकलास तेव्हाच दिसल्या वायरी." मग बोलला का नाही? "मीही तेच म्हटलं. म्हणाले, एवढ्या सगळ्यांसमोर तिला कशाला खोटं पाडू?"

म्हटलं, फोन दे त्याला. ती घुटमळली. "कार्डाचं काही नाही गं. पण आईंचं लिहिलंस ना…"

मागून दादाचा आवाज आला. अगदी हळू.

"नको."