उन्हाची आठ गाणी

९ एप्रिल १९७३

आली! मुंबईहून माझी पहिली रेकॉर्ड आली! आठ गाणी. शब्द माझे, चाल माझी, गिटारही माझीच. सगळी उन्हाची. पीकपाणी बरं होतं तेव्हा लिहिलेली. कव्हर बघून आई म्हणाली, "फोटो बरा आलाय." बस्स, एवढंच! घरात रेकॉर्ड प्लेअर नाही. लाउडस्पीकरवाल्या कासीमचाचांना दिली. उद्या लग्नात लावतो म्हणाले.

१० एप्रिल

मेले! पंगतीत बसले होते. पहिलंच गाणं लागलं —

उन्हा उन्हा, घरात ये,
पाटावरती बसून घे.

नवरीचा मामा ओरडला, "हितं हिरीला पानी न्हाय, आन् ही बया उनाला जेवाया बोलावतीया! बंद कर आदी!" चाचांनी सुई उचलली. मी ताटावरून उठले.

त्याचं तरी काय चुकलं? सगळा जिल्हा दुष्काळात होरपळतोय आणि मी उन्हाचे लाड करतेय. रेकॉर्ड निघाली कधी, तर नेमकी आत्ता!

११ एप्रिल

गिटार विकणार. पुन्हा गाणं नाही.

१४ एप्रिल

घरात जीव रमेना. वळसंगला मावशीकडे गेले. बजामावशी दुष्काळी कामावर खडी फोडते. बायका उन्हात, मुकादम छत्रीखाली. तिची भाकरी घेऊन गेले, तर तिनं सगळ्या बायकांना सांगून टाकलं — "माजी भाची. हिची रेकॉड निगालीया!" झालं! "म्हण की गं!" नको नको म्हटलं, पण ऐकतंय कोण? मान खाली घालून तेच गाणं म्हटलं. चंद्रव्वा म्हणून एक म्हातारी आहे. तिनं फक्त विचारलं, "उनाला असं लाडानं बोलावत्यात व्हय?"

रडू आलं. तडक एसटी गाठली.

१८ एप्रिल

नुसत्या येरझाऱ्या. गिटारला गिऱ्हाईक आलं होतं. त्याला नंतर ये म्हटलं. का म्हटलं, कोण जाणे.

१९ एप्रिल

कासीमचाचा वळसंगच्या लग्नाचं काम उरकून आले. "बेटी, तेरा गाना उधर सब औरतां गातीं!" मी हरखले. मग त्यांनी हसत हसत म्हणून दाखवलं —

उना उना, हितनं जा,
मुकादमाच्या डोस्क्यात जा!

चाल माझी आणि शब्द असले? विचारलं का मला कुणी? उद्याच जाऊन जाब विचारते!

२० एप्रिल

चंद्रव्वानं हातोडीसुद्धा थांबवली नाही. "आलीस व्हय? तुजं गानं दुरुस्त केलंय. आता मागनं म्हण."

म्हटलं. मुकादमाच्या ओळीला सगळ्यांत मोठा आवाज माझाच.