मग ते पिठलं कुठलं?

४ फेब्रुवारी, बेलापूर

जाणार! ठरलं. पिशवी भरून झाली. याकोब दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "तुला नाही जमायचं. दहा दिवस गप्प?" मी म्हटलं, "तुम्हाला जमलं ना? मग मला काय धाड भरलीय?" त्यावर गप्प! हेच ते. पूर्वी एवढ्यावरून संध्याकाळपर्यंत भांडण पुरलं असतं.

(वहीत याकोबच म्हणणार. 'अहो' तोंडावर आहेच.)

दिवाळीनंतर हा त्या विपश्यनेच्या शिबिराला जाऊन आला आणि माणूसच बदलला. रोज सकाळी डोळे मिटून भिंतीकडे तोंड करून बसतो. भाजी खारट झाली तरी खातो. सत्तावीस वर्षं संसार केलेला नवरा एकाएकी गोड वागायला लागला तर बाईने काय समजायचं? मी ब्लाउज शिवते. माप देता देता बाया सगळं सांगतात — ज्यांचे नवरे असे अचानक शांत झाले त्यांचं पुढे काय झालं, तेही. आणि याच्या शाळेतल्या त्या रेश्मा मॅडम! रोज मोबाईलवर फुलाचं चित्र. 'शुभ सकाळ सर.' सरांची सकाळ शुभ करायला मी मेलेय का?

तिकडे काय करतात विचारलं तर म्हणे, "सांगून कळत नाही." खोदून खोदून विचारलं तेव्हा एवढंच — जेवण झकास, रोज रात्री नागलीची भाकरी आणि गरम पिठलं. संपलं!

एकतर त्या लोकांनी याच्यावर काहीतरी केलंय, नाहीतर यानेच काहीतरी केलंय. त्याच शिबिराला जाऊन बघूनच येते.

५ फेब्रुवारी, केंद्रावर

अकोले स्टँडवरून जीपने आले. चहूकडे डोंगर, माणूस दिसत नाही. मोबाईल जमा. पाकीट जमा. बायबलसुद्धा जमा! "परत मिळेल ना?" मी दोनदा विचारलं. चर्चचे पाळकसाहेब म्हणालेच होते, जपून राहा. ही वही मात्र परकराच्या खिशात आहे. मौन तोंडाचं असतं, हाताचं नाही.

ध्यानाच्या हॉलमध्ये आधी मूर्ती शोधली. नमस्कार करायला लावला तर करायचा नाही, हे घरूनच ठरवून आले होते. पण मूर्तीच नाही! फुलं नाहीत, उदबत्ती नाही. फी पण घेत नाहीत. मग यांचं चालतं कशावर? काहीतरी गोम आहे.

खोलीतली दुसरी बाई माझ्याकडे बघतसुद्धा नाही. नियम आहे म्हणे. जेवताना मी घास चुकून तिच्या बाजूला सांडला, तरी नाही. अशा बाया मला आवडत नाहीत.

६ फेब्रुवारी

श्वास बघा म्हणतात. नाकातून आत जाणारा, बाहेर येणारा. बास. दिवसभर! आम्ही एवढ्या बाया ओळीने बसून नाक बघतोय. मला हसू फुटलं, खोकल्याचं सोंग केलं.

संध्याकाळी एक केळं, मूठभर मुरमुरे, चहा. मला वाटलं, हा नाश्ता. जेवणाची घंटा होईल म्हणून चटईवर बसून राहिले. घंटा झाली ती परत नाक बघायची! मग सेविका आहेत छबूबाई, त्यांच्याशी हळू आवाजात बोललेलं चालतं. त्यांना गाठलं.

"जेवण कधी?"

"ताई, सांच्याला जेवान नसतं हितं."

"आज नसेल. एरवी पिठलं-भाकरी असते ना?"

"पिठलं? रातच्याला चूल पेटतच न्हाई. यायचा दिस सोडला तर कंदीच न्हाई. नियमच हाय तसा."

मग ते पिठलं कुठलं?

७ फेब्रुवारी

श्वास आत — पिठलं. श्वास बाहेर — पिठलं.

काय डोकं चालवलंय पण! मोबाईल बंद, फोन करायची सोय नाही, कुणी चौकशी करायची नाही. आणि परत आल्यावर 'सांगून कळत नाही'! असा बहाणा सैतानालाही सुचला नसता. मी इकडे याच्यासाठी प्रार्थना करत होते आणि हा कुणाच्या तरी चुलीपुढे बसून गरम भाकरी खात होता!

ऑफिसात जाऊन विचारलं, दिवाळीनंतरच्या शिबिरात याकोब नावाचा माणूस होता का? ताई गोड हसल्या. "दुसऱ्या साधकाचं आम्ही सांगत नाही." झालं! सगळे एकजात सामील.

रेश्माला भाकरी थापता येत असेल? एवढी नखं वाढवलेली बाई! पण शिकली असेल. माणूस शिकतो.

मला भीती वाटते. लिहून टाकते, कारण इथे बोलायला कुणी नाही. घरात भांडण होतं तोवर घर आमचं होतं. लेक एंजल पुण्याला गेली तेव्हा रडले, पण घाबरले नव्हते. हा माणूस मनाने दुसरीकडे गेला असेल तर मी त्या घरात मशीन चालवत एकटी काय करू?

८ फेब्रुवारी

पाय बधिर झाले. डोकं मात्र होत नाही.

९ फेब्रुवारी, सकाळ

निघाले. आचार्य बाईंनी समजावलं, "मन पळतंय, पळू द्या. तुम्ही बसून राहा." मी म्हटलं, लग्नाची ऑर्डर आहे, ब्लाउज द्यायचेत. खोटं बोलले. त्यांना कळलं, पण रागावल्या नाहीत. बायबल परत मिळालं, सगळी पानं जागेवर.

घरी जायचं नाही. आत्ता गेले तर म्हणेल, चार दिवस टिकली नाहीस आणि मलाच जाब विचारतेस? आधी पुरावा. इथून राजूर जवळ. तिथे याच्या मरियम आत्याबाई एकट्याच राहतात. याला त्यांनीच लहानाचा मोठा केला. याची सगळी अंडीपिल्ली त्यांना ठाऊक! आणि त्यांना खोटं बोलता येत नाही. बघतेच.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ, राजूर

आत्याबाई ओट्यावर बसल्या होत्या. मी, माझी पिशवी, काखेतली चादर — वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हसायलाच लागल्या. "आता गं बाई! तू बी पळून आलीस?"

बी!

"बी म्हणजे? आणखी कोण?"

पदर तोंडाला लावला, पण उशीर झाला होता. "याकोबानं शपत घातली हुती गं..."

दुसऱ्याच दिवशी पळाला म्हणे! बाकीचे दिवस इथेच. दिवसा आत्याबाईंचं भात झोडलं, रात्री त्यांच्या हातचं पिठलं खाल्लं.

"मी म्हनलं, घरी जा की बाबा. तर म्हनला, न्हाई. निघताना ती बायांपुढं म्हनली, 'तिसऱ्या दिवशी शेपूट घालून येतील बघा.' आता गेलो तर जलमभर हसंल."

म्हटलं होतं खरं. ब्लाउज शिवायला आलेल्या सगळ्या हसल्या होत्या. मी सगळ्यात जास्त.

"मग तीन महिने रोज सकाळी डोळे मिटून बसतात ते?"

"तुला कळू नये म्हनून बसत आसंल. भितो गं तुला."

आता तरी पोट धरून हसावं की नाही? हसूच येईना. तो मला भिऊन इथे आला, आणि मी त्याला.