चावी फिरवायला कोणीतरी

३ फेब्रुवारी, सोमवार
आणि वर मलाच सांगतो, काकू, कोणाला तरी चावी फिरवायला सांगा. कोणाला तरी! जसं काही माझ्या दारात माणसांची रांग लागलीय. शनिवारी बाजारातून येताना गाडी दारातच मेली. तेव्हापासून सेल्फ मारला की नुसती कण्हते, पेटत नाही. या मेकॅनिकला फोन करून करून बोट झिजलं. त्याचं नाव मी उद्याभाऊ ठेवलंय, कारण त्याला दुसरा शब्द येत नाही. आज एवढं तरी बोलला, की तुमच्या जुन्या व्हॅनचा पंप पेट्रोलच्या टाकीतच बुडवलेला असतो. चावी अर्धी फिरवली की दोन सेकंद 'घूं' करतो. चावी पुढे, टाकी मागे. एकाने फिरवायची, दुसऱ्याने कान लावायचा. घूं आलं तर पंप जिवंत, नाही आलं तर गेला.
त्यात काय एवढं? एकटी करीन. सगळं एकटीनेच करत आलेय. शनिवारच्या आत गाडी सुरू. नाहीतर बाजारात माझ्या चादरी-टॉवेलांच्या जागेवर तो मोजेवाला पाय पसरून बसेल.

४ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी
चावी फिरवली आणि मागे धावले. पोचेपर्यंत दोन सेकंद संपलेले. परत धावले. परत. गुडघ्याने हात जोडले.

दुपारी
चावीला परकराची नाडी बांधली, मागून ओढली. चावी ढिम्म. नाडी दिव्याच्या दांड्यात अडकली आणि भर दुपारी हेडलाइट लागले. पलीकडच्या खिडकीतून धाकटी बघत होती. धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. भिंतीला भिंत, अंगण एक, पण दोन वर्षं बोलणं नाही. कारण तिला माहीत आहे. मला आता नीट आठवत नाही, पण चूक तिचीच होती.
तिला हाक मारणार नाही. मेले तरी नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार
शाळा कमी झाली म्हणून अक्कल कमी नाही. फोनवर रेकॉर्डिंग लावलं, फोन टाकीखाली ठेवला, पुढे जाऊन चावी फिरवली, येऊन ऐकलं. माझ्या चपला. माझा खोकला. धाकटीच्या घरात कोणीतरी खळखळून हसतंय. मग एक बाई म्हणते, चल गं राणी, आता आपण दोघीच. कोण ही बाई? परत लावलं. मीच, गाडीशी बोलतेय. असलं काही बोलल्याचं मला आठवत नाही. फोनच बिघडला असणार.
घूं काही ऐकू आलं नाही. पण माझा डावा कान मंद आहे आणि उजवा त्याच्या वळणावर गेलाय. तेव्हा पंप गेला की कान, ते ठरेना. रेकॉर्डिंग झोपेपर्यंत ऐकलं. पंपासाठी. ते हसणं कोणाचं होतं कोण जाणे.

६ फेब्रुवारी, गुरुवार
उद्याभाऊला फोन. येतो म्हणाला. कधी? उद्या. तुझ्या उद्याला आग लागो, म्हटलं. मग म्हणे, काकू, फ्यूज बघा. बघितला, धडधाकट आहे. मग म्हणे, कोणी मदतीला असेल तर एकाने टाकीला खालून लाकडी दांडक्याने हलके ठोके द्यायचे, दुसऱ्याने त्याच वेळी सेल्फ मारायचा. अडकलेला पंप कधीकधी उठतो.
परत कोणी असेल तर! या गाडीला एकटं माणूस चालतच नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
हाक मारली नाही. अंगणात उभी राहून फक्त मोठ्याने बोलले, की काही लोकांना शेजारचं माणूस मरायला टेकलं तरी साधी चावी फिरवता येत नाही. धाकटी हात पुसत बाहेर आली. म्हणाली, ताई, चावी फिरवू की टोमणे मोजू? मी म्हटलं, चावी.
ती पुढे बसली. मी मागे जमिनीवर आडवी, कान टाकीला. फिरव म्हटलं. घूं नाही की चूं नाही. म्हणजे पंपच! मी सोमवारीच ओळखलं होतं. दांडका हाणला आणि ओरडले, मार सेल्फ! दुसऱ्या ठोक्याला घूं! गाडी पेटली. धाकटी आतून किंचाळली, ताई, उठला, उठला! माझ्या डोळ्यांत धूळ गेली. बराच वेळ पाणी येत होतं.

८ फेब्रुवारी, शनिवार
बाजारात गाडी बंद करावीच लागते आणि निघताना पेटवायला दोघी लागतात. म्हणून धाकटीला न्यावं लागलं. माझा इलाज नव्हता. जाताना-येताना तिच्या तोंडाला कुलूप नाही. टॉवेल स्वतःच उलगडून दाखवते, भाव माझ्यापेक्षा चढा सांगते आणि लोक मुकाट देतात. मोजेवाल्याला म्हणाली, पाय आवर, नाहीतर तुझेच मोजे तुझ्या तोंडात. काही रीतभात नाही या बाईला. डबा तिच्या घरचा. मीठ जास्त होतं. दोनदा घेतलं.

१० फेब्रुवारी, सोमवार
उद्याभाऊ आज आला! म्हणाला, काकू, ठोके देऊन किती दिवस ढकलणार, नवा पंप टाकतो, तासाभराचं काम. मी म्हटलं, काही नको. उत्तम चाललाय. चांगली वस्तू फेकायची मला सवय नाही. तो डोकं खाजवत गेला.
ठरलं. हाच पंप अजून वर्षभर चालवायचा. शनिवारसाठी धाकटीला सांगून ठेवलं. मला तिची गरज आहे असं नाही, पंपाला आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
गुडघा दाखवून दवाखान्यातून आले, तर गाडी अंगणात घुरघुरतेय आणि धाकटी अन् उद्याभाऊ दात काढत उभे. हिने माझ्या पाठीमागे नवा पंप टाकून घेतला! म्हणाली, ताई, तुम्हाला मातीत लोळताना बघवत नाही हो. आता कोणाचं तोंड बघायला नको. सुटलात.
मी म्हटलं, सुटलेच.

१५ फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळी
एकटी गेले. पहिल्या सेल्फला पेटली. एवढी शहाणी गाडी बरी नव्हे. रस्ता लांब झालाय, कुठेतरी खोदून वाढवला असणार. टॉवेल निम्मे परत आणले. मोजेवाला विचारतो, त्या बाई कुठे आहेत? म्हटलं, त्या काय माझ्या नोकर आहेत?
आल्या आल्या धाकटीच्या दारात गेले आणि स्पष्ट सांगितलं. नव्या पंपाचा भरवसा नसतो. तू टाकलास, जबाबदारी तुझी. दर शनिवारी गाडीत बसून त्याच्यावर कान ठेवायचा. ती म्हणाली, अहो ताई, पुढे बसून टाकी कशी ऐकू येणार? मी म्हटलं, उगाच फाटे फोडू नकोस. येणार की नाही, ते बुधवारपर्यंत सांग.