लंगडीत पन्नासपैकी पन्नास

खांदेश्वर,
१२ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

फोनवर तू मला अर्ध्यात तोडतेस, म्हणून पत्र. आपल्या क्षिप्राला तिसरीच्या सहामाहीत शारीरिक शिक्षणात पन्नासपैकी पन्नास मिळाले. शाळेच्या मैदानात बसगाड्या उभ्या असतात, म्हणून परीक्षा लेखी होती. ‘लंगडीमुळे तोल, एकाग्रता आणि आत्मविश्वास वाढतो’ हे तिने एका दमात लिहिलं. तीस वर्षं पीटी शिकवलेल्या आत्याला अभिमान वाटेल. फक्त क्षिप्राचं अक्षर वाकडं येतं नि जिना उतरताना ती कठडा सोडत नाही. बाई म्हणतात, लक्ष कमी आहे. म्हणून संध्याकाळी अक्षरसुधार क्लास लावलाय.

मी सोसायटीचा सेक्रेटरी झालोय. झाल्या झाल्या बागेत ‘खेळण्यास सक्त मनाई’ असा बोर्ड लावला. हिरवळ आता बघत राहावी अशी झाली आहे.

लोभ आहेच, तो वाढवताना रागावणं थोडं कमी कर.

तुझा नंदू

चिपळूण,
२० ऑक्टोबर

चि. नंदकुमारास अ. उ. आ.

अभिमान वाटला. म्हणून व्हिडिओ कॉल करून क्षिप्राला म्हटलं, एका पायावर उभी राहून दहा आकडे म्हण. ती तिनाला कलंडली. मग हळूच म्हणाली, मला पळता येत नाही म्हणून मुली खेळायला घेत नाहीत, बाबांना सांगू नकोस. मी सांगते आहे.

अरे, खांद्यात नि कमरेत बळ आल्याशिवाय पोरीने पेन्सिल कशी आवरावी? पडून उठल्याशिवाय भीती कशी जावी? क्लास बंद कर. रोज तिच्याबरोबर लंगडी घाल, तू स्वतः. हे पत्र माझ्या शहाण्या भावजयीला, सुचित्राला, आधी दाखव. हिरवळीला नमस्कार.

माया आहे तेवढीच आहे, रागावणंही.

ताई

खांदेश्वर,
१५ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

सुचित्राने पत्र मोठ्याने वाचलं, त्यामुळे सुटका नव्हती. पहिल्या दिवशी बागेत चौथ्या उडीला मी बसकण मारली. क्षिप्रा इतकी हसली की तिलाही बसावं लागलं. कमिटीने माझ्यावरच नियमभंगाची नोटीस काढली. सेक्रेटरी म्हणून तिच्यावर सही माझीच. सही केली नि पुन्हा खाली गेलो. आता अकरा मुलं येतात, हिरवळ गेली. अक्षर अजून तिरकं आहे, पण पान भरेपर्यंत ती रडत नाही.

काल धावताना ती जोरात आपटली. मी ओरडत पळालो. पोचेपर्यंत ती उठून, गुडघ्यावरची माती झटकून, दुसऱ्या मुलीच्या मागे पळालीही होती. मी तिथेच धापा टाकत उभा राहिलो. मला करायला काही उरलं नव्हतं, ताई.

तुझी माया अशीच टोचत राहो, ही विनंती.

नंदू