ओडमच्या नावाची जागा

२७ जून, सकाळी
आजपासून रोजनिशी. डॉक्टर म्हणाला, मनातलं कागदावर उतरवा, रक्तदाबही उतरेल. शिवाय टोलेडोच्या बास्केटबॉल टीमचा जनरल मॅनेजर म्हणून हा उन्हाळा मी गाजवणार आहे. नोंद असलेली बरी.

प्रश्न एकच, पॉइंट गार्ड. चेंडू पुढे नेणारा, बाकीच्या चौघांना खेळवणारा. सध्या आहे टेरेन्स ओडम. वय चौतीस, आमच्याकडे अकरा वर्षं, गुडघे सत्तरीचे. करार तीस तारखेला संपतो.

मालकीणबाई मिसेस हॉलब्रुक (गाड्यांच्या काचांचा कारखाना) काल म्हणाल्या, वेन, आठ जुलैला सकाळी मला पॉइंट गार्ड दाखवा, नाहीतर... पुढे बोलल्याच नाहीत. याला म्हणतात विश्वास.

संकल्प: डोनट बंद.

२८ जून
पर्याय तीन. पहिला लामॉन्ट, सुपरस्टार. दुसरा ब्रॅशियर, तेवीस वर्षांचा, चपळ. पण त्याच्यापुढे आम्ही ठेवू तीच रक्कम त्याची जुनी टीम देऊ शकते आणि त्याला ठेवून घेऊ शकते. तिसरा आपला ओडम.

भानगड पगाराच्या मर्यादेची. लीगने ठरवलेल्या रकमेच्या वर टीमचे एकूण पगार जाता कामा नयेत. ओडमचा करार संपला तरी हक्क आमचा, म्हणून हिशेबात त्याच्या नावाने एक कोटी ऐंशी लाख डॉलरची जागा अडून बसते. बस स्टँडवर रुमाल टाकल्यासारखी. लीगला एका ओळीचं पत्र लिहून हक्क सोडला की जागा मोकळी. पत्र मागे मात्र घेता येत नाही.

डार्लीन म्हणते, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. मी म्हणालो, बायको आहेस, बास्केटबॉलमधलं तुला काय कळतं. ती हायस्कूलच्या मुलींची टीम सतरा वर्षं शिकवते, दोनदा राज्यात पहिली आणली, पण तो वेगळा खेळ.

डोनट: एक. आत जेली नव्हती, म्हणजे पावच.

३० जून, दुपारी
पत्र गेलं. ओडमला मी स्वतः फोन करणार होतो, माणुसकी म्हणून. पण टीव्हीवर आधी आलं. यात माझी चूक नाही. मी चार वाजता सांगतानाच टीव्हीवाल्यांना बजावलं होतं, पाचपर्यंत दाखवू नका.

ओडमचा मेसेज आला: कळलं बॉस. चार जुलैच्या पार्टीला नेहमीसारख्या रिब्स आणू ना? बिचारा. पार खचलाय.

३० जून, संध्याकाळी ६.०५
सहाला करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार उघडला. सहा वाजून तीन मिनिटांनी लामॉन्टने सही केली. त्याच्याच जुन्या टीमशी.

त्याचा एजंट आठवडाभर म्हणत होता, टोलेडो शेवटच्या तिघांत आहे. मी त्याच्या नावाची जर्सीसुद्धा शिवून घेतली होती. डार्लीन म्हणते, अरे, तुझं नाव सांगून त्याने स्वतःचा भाव वाढवून घेतला. असेल. पण एवढ्या मोठ्या सौद्यात टोलेडोचं नाव निघालं की नाही?

जर्सी डार्लीनने गॅरेजमध्ये गाडी पुसायला घेतली. कापड चांगलं आहे म्हणाली.

२ जुलै
ब्रॅशियर! होती नव्हती तेवढी जागा त्याच्यापुढे मांडली, पोराने लगेच सही ठोकली. आता त्याच्या जुन्या टीमला सात तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय, तोवर आमचा पैसा अडकलेला. हरकत नाही. त्यांच्याकडे आधीच दोन गार्ड आहेत, ते कशाला याच्यासाठी तिजोरी फोडतील?

बाकीचे गार्ड भराभर इतरांकडे चाललेत. जाऊ देत. गर्दी कमी होते.

डोनट: दोन. आनंदाचे धरत नाहीत.

४ जुलै
स्वातंत्र्यदिन. अंगणात दरवर्षीची पार्टी. मालकीणबाई आल्या. ओडम रिब्स (ग्रिलवर भाजायच्या बरगड्या) घेऊन आला, अकरा वर्षांत एकदाही चुकला नाही. मला कळलंच, गयावया करायला आलाय. मीच त्याला ग्रिलजवळ बाजूला घेतलं आणि वडीलकीने सांगितलं, टेरेन्स, गुडघ्यांचं ऐक. माणसाला थांबायचं कधी ते कळलं पाहिजे. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, बॉस, ब्रॅशियरच्या टीममधल्या दुसऱ्या गार्डचा घोटा गेलाय, आतली बातमी आहे. ते ब्रॅशियरला सोडणार नाहीत. तुमच्याकडे दुसरं कोण आहे? मी त्याच्या खांद्यावर थोपटलं. म्हटलं, तू रिब्स बघ, विचार आमच्यावर सोड.

नंतर तो कुंपणापाशी मालकीणबाईंशी दीड तास बोलत होता. बाई कागदी प्लेटवर काहीतरी लिहून घेत होत्या. समजूत घालत असतील.

खरं सांगायचं तर रात्रीपर्यंत चुटपुट लागून राहिली. आई गेली तेव्हा हाच माणूस तीन दिवस आमच्याकडे येऊन भांडी घासत होता. पण धंद्यात भांडी मोजून चालत नाही.

७ जुलै
ब्रॅशियरच्या टीमने रक्कम दिली. पोरगा तिकडेच राहिला. घोटा खरंच गेला होता म्हणे.

आता पैसाच पैसा, आणि बाजारात माणूस नाही. उरलेत दोन. एकाच्या पाठीचं ऑपरेशन झालंय, दुसरा अडतीस वर्षांचा आहे आणि फोन त्याचा मुलगा उचलतो. तेलही गेलं, तूपही गेलं.

मग मोठं मन करून ओडमला फोन लावला. म्हटलं, झालं गेलं विसरून जा, ये परत. तो म्हणाला, बॉस, आता मी खेळत नाही. तुम्हीच सांगितलंत ना, गुडघ्यांचं ऐक म्हणून? पटलं मला.

माझा सल्ला आजवर कुणी ऐकला नव्हता. मेल्याला आत्ताच ऐकायचा होता!

डोनट: सहा.

८ जुलै, सकाळी
मालकीणबाईंच्या टेबलावर ती कागदी प्लेट. सॉसचे डाग, मधे चार नावं. त्यातल्या एकाने आज सकाळी सही केली. लिथुआनियात खेळणारा गार्ड, आमच्या जागेच्या निम्म्यात. मी त्याचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं. तरी म्हणालो, वा, माझ्याही डोक्यात हाच होता.

बाई म्हणाल्या, वेन, तुमचा करार कधी संपला?

कॅलेंडर बघितलं. तीस जून. ओडमच्याच दिवशी. धावपळीत राहूनच गेलं होतं. आठ दिवस मी फुकट काम करत होतो आणि कुणी बोललं नाही.

तेवढ्यात ओडम आत आला. सूट घालून. मला वाटलं, निरोप घ्यायला आलाय. तो माझ्या खुर्चीत बसला. मग आठवलं, जनरल मॅनेजरच्या नावाने जागा अडवून ठेवायचा लीगमध्ये काही नियम नाही.

निघताना तो दारापर्यंत आला. म्हणाला, बॉस, गावोगाव फिरून पोरं हेरायला अनुभवी माणूस हवाय. पगार थोडा आहे. मी ताठ मानेने म्हणालो, विचार करून कळवतो. माझ्याकडे इतरही पर्याय आहेत.

८ जुलै, जेवणानंतर
डार्लीनने विचारलं, कोणते पर्याय?

पाऊण तास आठवून बघितलं. मग फोन लावला. म्हटलं, टेरेन्स, ती जागा गेली का रे? तो म्हणाला, छे हो बॉस, तुमच्या नावानं धरून ठेवलीय. शुक्रवारपर्यंत सांगा, घाई नाही.