आजोबा, स्वानंदी आणि दुपारचा सिनेमा

फ्रिस्को, २१ जुलै २००८

चि. राधिकास अनेक आशीर्वाद.

फोन केला असता, पण या घरात स्वयंपाकघरातलं बोलणं जिन्यावर ऐकू जातं, आणि सध्या माझा विषय निघाला की सगळे गप्प होतात. म्हणून हे पत्र.

गेल्या बुधवारी मी स्वानंदीला सिनेमाला नेलं. तिला सुट्टी, तुझा भाऊ प्रथमेश आणि अस्मिता दोघंही ऑफिसात, बाहेर चाळिशीपारचं ऊन. वर्गातल्या सगळ्यांनी पाहिलाय म्हणून पोर सकाळपासून मागे लागली होती. शेजारच्या रत्नाकाकूंनी गाडीतून सोडलं. घाईत माझं जेवण राहिलं, गोळी तेवढी घेतली. तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांनी जरा विचार करावा, अशी पाटी तिकीट खिडकीवर होती. स्वानंदी नऊ वर्षांची. मी विचार केला तो एवढाच, की मुखवटा घालून उडणारा माणूस आहे, त्यात वाईट काय असायचं!

खरं सांगायचं तर मी अर्धा तासच पाहिला. थंडगार हवेत डोळा लागला. जाग आली तेव्हा सदरा घामाने चिंब, आणि स्वानंदी तिच्या कोल्ड्रिंकची नळी माझ्या तोंडाला लावून बसलेली. प्यायलो, बरं वाटलं.

तेव्हापासून पोर दिवा मालवू देत नाही. काय झालं विचारलं की इंग्रजीत ‘काही नाही’ म्हणते आणि विषय संपवते. अस्मिता मला एका शब्दाने बोलली नाही. प्रथमेशला मात्र म्हणाली, की न्यायच्या आधी बाबांनी एक फोन तरी करायचा. पुढच्या आठवड्यापासून स्वानंदीला समर कॅम्पला घालताहेत. तीस वर्षं शाळेतली शेकडो मुलं सहलीला नेली, एकाला खरचटू दिलं नाही, आणि एका नातीच्या बाबतीत नापास झालो.

तू तो सिनेमा पाहून ये आणि लहान मुलांना दाखवण्यासारखा आहे का, ते सांग. माझी बाजू घेऊ नकोस. थकलोय गं. राजीवरावांना आशीर्वाद.

तुझे बाबा


वेस्ट विंडसर, २८ जुलै २००८

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

शनिवारी एकटीच जाऊन आले. आठवडाभर ट्रेनने ये-जा करून पाय दुखत होते, त्यात ही परीक्षकाची नोकरी! राजीव म्हणाला, की सासऱ्यांनी जावयाला सोडून मुलीला शिक्षा दिली, हे बरं झालं.

बाजू घेत नाही, बाबा. सिनेमा नऊ वर्षांच्या मुलांसाठी नाही. उडणारा माणूस आहे, पण तो सतत अंधारात आणि सतत रागावलेला. चौदा वर्षांच्या मुलाला मी पाठवीन, नंतर बोलेनही त्याच्याशी. नऊच्या मुलीला नाही. पाटी वाचून तुम्ही फोन करायला हवा होता, अस्मिता बरोबर बोलली.

पण एक प्रसंग पाहिला आणि मला तुमचं पत्र आठवलं. त्यातला दुष्ट माणूस एका सभागृहात धूर सोडतो. बसलेली माणसं खुर्चीतच झोपी जातात आणि मरतात. एक मुलगी आपल्या वडिलांचा हात ओढत राहते, ते उठतच नाहीत. हे साधारण सिनेमाच्या मध्यावर येतं.

बाबा, तेव्हा तुम्ही जागे होता का? घामाने चिंब होऊन कोणाला झोप लागते? तुम्हाला नुसतीच झोप लागली होती का? मी आज अस्मिताला फोन करणार आहे. रागावू नका.

तुमची काळजी करणारी,
राधिका


फ्रिस्को, ४ ऑगस्ट २००८

सौ. राधिकाताईंना सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी फोनवर मला पुढे बोलवेना, म्हणून मीही तुमच्यासारखीच कागद घेऊन बसले आहे.

तुमचा फोन ठेवला आणि स्वानंदीला जवळ घेतलं. सिनेमाबद्दल विचारलंच नाही. आजोबा झोपले तेव्हा तू काय केलंस, एवढंच विचारलं. ती इतकी रडली, ताई! तिने आजोबांना हलवलं, हाका मारल्या, ते उठेनात. तिला वाटलं, आजोबाही पडद्यावरच्या माणसांसारखे मेले. लोक पुढे बघत होते, कोणाला सांगायचं ते तिला कळेना. मग पाणी पाजून माणसाला शुद्धीवर आणतात तसं काहीतरी करावं म्हणून तिने नळी तोंडाला लावली. घरी येऊन बोलली नाही, कारण आजोबांना आम्ही रागावू, असं तिला वाटलं. आणि आम्ही रागावलोच होतो.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून बाबांना डॉक्टरांकडे नेलं. उपाशीपोटी गोळी घेतल्याने साखर उतरली असणार, असं ते म्हणाले. कोल्ड्रिंकमुळे निभावलं. गोळी बदलून दिली आहे. मी जवळजवळ दोन आठवडे सिनेमावर चिडत होते, बाबा जेवले का हे एकदाही विचारलं नाही.

या दमलेल्या भावजयीवर माया राहू द्या.

अस्मिता


फ्रिस्को, १६ ऑगस्ट २००८

चि. राधिकास अनेक आशीर्वाद.

तुझं निदान माझ्यापेक्षा चांगलं निघालं. स्वानंदीला समोर बसवून सगळं खरं सांगितलं: साखर म्हणजे काय, ती कशी उतरते, तिने काय केलं म्हणून मी उठलो. तिने मान डोलावली आणि ‘आजोबा, पुन्हा असं होईल का?’ असं विचारलं. होऊ शकेल, म्हणालो. खोटं सांगवेना. परवापासून दिवा मालवून झोपते.

मग मी प्रथमेश-अस्मिताला स्वतःहूनच सांगितलं, की पोर सांभाळणं मला आता झेपत नाही. कॅम्प चालू ठेवा, माझं परतीचं तिकीट अलीकडचं करा. इथे बसून उपयोग काय? अस्मिता उठून आत गेली. वाटलं, सुटलो. ती माझं ताट वाढून घेऊन आली, समोर ठेवलं आणि म्हणाली, की बाबा, सांभाळायला कोणी नकोय, तुम्ही नुसते राहा.

डिसेंबरपर्यंत राहतोय. तब्येतीला जप, आणि या म्हाताऱ्याला दोन ओळी लिहीत जा.

तुझे बाबा