झाकलेलं नाव

सोमवार, २ डिसेंबर २०१३

नाही म्हटलं होतं मी! तोंडावर म्हटलं होतं. पण ऐकतो कोण? साहेबांच्या कानात सदान्‌कदा त्या वायरी खुपसलेल्या!

काल सकाळी समृद्धीचा नवरा तिच्या कोन गावातल्या खोलीवर पोचला. लाथेनं दार उघडलं, केस धरून पोरीला बाहेर ओढलं. शेजारच्या ठमाबाई ओट्यावर मासळी साफ करत होत्या, त्या हातातला कोयता घेऊनच धावल्या म्हणून पोर वाचली. आज कामावर आली ती ओढणी गळ्याला गुंडाळून. खाली सगळं काळंनिळं.

वर्षभर त्याला पत्ता लागला नव्हता. करंज्याहून ती एका पिशवीनिशी निघून आली, आमच्या कंटेनर यार्डात डिस्पॅचला लागली. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "आंटी, माझा पत्ता कुनाला दिसाया नको." मी म्हटलं, माझ्यावर सोड. कंपनीतल्या सगळ्यांची नावं, नंबर, पत्ते असलेली ती कॉम्प्युटरमधली डिरेक्टरी माझ्याच ताब्यात आहे. कुणाचं काय दिसू द्यायचं, काय झाकायचं, त्या टिका मी मारते. माझा टेलिफोन बोर्ड गेला तेव्हा बटणं दाबून दाबून शिकले, कुणी शिकवायला बसलं नव्हतं. तिचा पत्ता त्याच दिवशी झाकला.

आणि गेल्या आठवड्यात या प्रणितने — आमचे नवे ॲडमिन मॅनेजर, पुण्याचे — एका झटक्यात सगळ्यांचं सगळं उघडं केलं! "आंटी, आपण एक फॅमिली आहोत. फॅमिलीत काय लपवायचं?" म्हटलं, साहेब, निदान मुलींचे पत्ते तरी झाकलेले राहू द्या. तर हसला. "तुम्ही अजून टेलिफोन बोर्डवरच बसलाय!"

क्रेनवरचा एक जण तिच्या नवऱ्याचा गाववाला. त्याने पत्ता वाचला, सांगितला. झालं.

फॅमिली म्हणे!

मंगळवार, ३ डिसेंबर

प्रणितच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. बोटं लॅपटॉपवर चालूच. "व्हेरी सॅड. पण आंटी, हे घरगुती मॅटर आहे ना?" पत्ते मात्र परत झाकायला सांगितले. मान वर न करता. एवढंच! पोरीला एक शब्द विचारला नाही.

समृद्धीला माझ्याकडे पनवेलला घेऊन आले. माझे यजमान जुडाह गेल्यापासून आतली खोली रिकामीच आहे. नारळाच्या दुधातली मासळी केली. तिने दोन घास चिवडले, बाकीची मीच खाल्ली. मला राग आला की भूक लागते.

गुरुवार, ५ डिसेंबर

सुचलं! भांडी घासता घासता सुचलं.

साहेबांना उघडं आवडतं ना? मग आपण साहेबांनाच झाकू.

नाव काढायचं नाही — तसं केलं तर लगेच कळेल. नुसतं झाकायचं. एकच टिक. त्याचा कॉम्प्युटर चालेल, मेल चालेल, पगार येईल. फक्त दुसऱ्या कुणी त्याचं नाव टाकलं तर येणार नाही — ना मेल, ना फोन नंबर. आणि आजकाल मेलचा अख्खा पत्ता पाठ कोणाला असतो? दोन अक्षरं मारायची, खाली येईल त्या नावावर बोट ठेवायचं. असंच चालतं सगळीकडे.

जुडाह असते तर म्हणाले असते, "रोझी, पाणी पी आणि झोप." पण ते नाहीत. आणि मला झोपही नाही.

शुक्रवार, ६ डिसेंबर

केलं. संध्याकाळी आम्हा ज्यूंचा शब्बाथचा दिवा लावला. दिव्यापुढे मनात वाईट आणू नये. आणलं — आणि जेवायला बसले.

मंगळवार, १० डिसेंबर

आमटीला फोडणी बसावी तसं बसतंय! प्र टाकला की आता अकाउंट्सची प्रांजल येते. लोक न बघता तिलाच पाठवतात. बिचारी माझ्या टेबलापाशी आली — "आंटी, मला क्रेनच्या टायरांच्या मीटिंगला का बोलावतात हो? मला स्कूटीचा टायर बदलता येत नाही!" मी म्हटलं, जा गं, समोसे असतात तिथे. गेली!

प्रणित मात्र मीटिंगच्या वेळी आपल्या केबिनमध्ये, काचेतून रिकाम्या ऑफिसकडे बघत. सगळे गेले कुठे? कळू दे. कळू दे कसं वाटतं ते.

शुक्रवार, १३ डिसेंबर

कँटीनमधली वेणू ताट वाढता वाढता विचारते, "आंटी, प्रनितसायबांनी राजीनामा दिला काय? नाव नाय दिसत कंप्युटरवर." आमच्या यार्डात तसंच आहे — माणूस नोकरी सोडून गेला की त्याच संध्याकाळी मी नाव काढते. म्हणून नाव नाही म्हणजे माणूस गेला, असंच सगळे धरतात. मी म्हटलं, "मला काय ठाऊक बाई!" आणि कांद्याची भजी आणखी दोन मागून घेतली.

समृद्धीच्या गळ्यावरचं आता पिवळं पडत चाललंय.

सोमवार, १६ डिसेंबर

आज तर दिवाळी!! मुंबईहून मोठे साहेब आले. सगळे मॅनेजर हजर, प्रणितची खुर्ची रिकामी. बोलावणं प्रांजलला गेलेलं, आणि ती आज सुट्टीवर. माणूस पाठवून त्याला बोलावून आणलं. हातात कागद नाही, कसली तयारी नाही. सगळ्यांसमोर मोठे साहेब म्हणाले, "तुम्ही इथे काम करता की पाहुणे आहात?" दाराशी चहाचा ट्रे घेऊन मी उभी! ट्रे हलला नाही, पण आतून मी नाचत होते.

नंतर माझ्याकडे आला. "आंटी, मला कुणी काहीच कळवत का नाही?" टाय सैल, तोंड उतरलेलं. जेवलाही नसावा. क्षणभर वाटलं, याची आईसुद्धा माझ्याच वयाची असेल. पण म्हटलं, "मी काय सांगणार साहेब? मी टेलिफोन बोर्डवरची बाई." कान लाल झाले त्याचे. चहा दिला. साखर घातली नाही.

मंगळवार, १७ डिसेंबर

प्रणितला जाब द्यायला मुंबईच्या ऑफिसात बोलावलंय. आठवडाभर तिकडेच. जाऊ दे.

समृद्धी आज केस विंचरताना गुणगुणत होती! माझ्या घरात आल्यापासून पहिल्यांदा. म्हणाली, "आंटी, पुढच्या महिन्यात सोताची खोली बघते. आंटी-आंटी करून किती दिवस बसू?" म्हटलं, बस जन्मभर. माझी लेक ओर्ली तिकडे इस्रायलात, अश्दोदला, तिची खाट रडते इथे.

मग हळूच — "सायबाला आता सोडा ना. काल निघताना माझ्याशी काय तरी बोलाया आला व्हता. मीच तोंड फिरवलं." मी तिच्याकडे बघितलं. हिला सगळं कळलंय तर! म्हटलं, तू गप. तुझं मन लोण्याचं आहे. अजून थोडं मुरू दे.

ती हसली. दाताच्या फटीतून हसते, लहान मुलीसारखी.

बुधवार, १८ डिसेंबर

टिक काढावी का? बोट बटणापर्यंत गेलं. मग ती ओढणी आठवली. नाही. पुढच्या सोमवारी बघू.

गुरुवार, १९ डिसेंबर

मी जेवायला बसले होते. तेवढ्यात समृद्धीचा नवरा गेटवर आला, बायकोची आई सिरियस आहे म्हणाला. वॉचमन तुळशीरामने सोडला. डिस्पॅचमध्ये गेला, सगळ्यांसमोर हाताला धरून तिला घेऊन गेला. नवराच आहे म्हणून कुणी उठलं नाही.

तुळशीराम माझ्यापुढे उभा राहून रडत होता. "आंटी, प्रनितसायबांनीच मला त्याचा फोटू दिला व्हता. क्रेनवाल्याला दम देऊन आनला व्हता त्यांनी. सोमवारी जाताना बोलले, हा आला तर आत सोडू नको, आधी मला फोन लाव, मी कुठं पन असू दे. मी डिरेक्टरीत नाव टाकलं. परत टाकलं. नायच आलं. तीन दिवस सायबांची गाडी पन नाय. मला वाटलं सायब गेले नोकरी सोडून — मग त्यांचा हुकूम तरी कशाला हाय..."

पोलिसांत सांगून आलो. प्रणित मुंबईहून निघालाय.

समृद्धीचा फोन बंद आहे.